चिमणीचा पंखा

गीझरच बघा ना तुम्ही, दादा — पंख्याकडे कशाला बघताय? ह्या गॅसच्या गीझरसाठी बोलावलंय मी तुम्हाला. वरच्या पंख्याची काही तक्रार नाही, तो चांगला चालतो. आमच्या ह्यांनी बसवलाय. हो, घरीच! विकतचा नाही हो, म्हणून तर असा दिसतोय — रंग दिला तरी पत्र्याचा पोचा काही लपत नाही. चिमणीतला आहे तो. शेगडीवर लावतात ना, धूर ओढणारी, ती चिमणी. मी बबीला, म्हणजे आमच्या मुलीला, सांगितलं की बाबांनी चिमणी आणलीय, तर ती बया वाटीत दाणे घेऊन आली! खालचे एक भाडेकरू घर सोडून गेले, जाताना कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून गेले ती. वरचं झाकण चेपलेलं, काच फुटलेली, पण आतला पंखा एकदम ठणठणीत. ह्यांनी तो सोडवून घेतला, गरम पाण्यात सोडा घालून तेलाचा थर खरवडला, झरोक्याच्या मापाची लाकडी चौकट केली नि दिला ठोकून. काय ओढतो म्हणून सांगू! चालू केला की बाहेरचं दार उघडायला जोर लावावा लागतो. बबी वर्तमानपत्राचा कागद जाळीवर नुसता धरायची, तो चिकटून बसायचा — हे टाळ्या वाजवायचे. बापच लहान झाला होता घरात.

तुम्ही गीझर बघा.

कसला हो थंडीचा विचार, असू देत उघड्या खिडक्या. नको, लावू नका — नको म्हटलं ना! — माफ करा, ओरडले मी. तसं काही नाही. हवा येते, बरं वाटतं. रविवारपासून उघड्याच ठेवल्यात मी. बबी स्वेटर घालून अभ्यासाला बसते, सासूबाई दोन शाली गुंडाळतात, आणि हे म्हणतात, अगं, इतक्या मेहनतीनं पट्ट्या लावल्या मी फटींना, त्या काय शोभेला? बरोबर आहे त्यांचं. फटी पण ह्यांनीच बुजवल्या ना, सगळ्या, स्पंजच्या पट्ट्या चिकटवून. ओल होती हो आमच्याकडे. त्या कोपऱ्यात बघा, अजून काळं दिसतंय. भिंतीला बुरशी, कपाटात बुरशी, माझ्या शिलाईच्या कपड्यांना वास — मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात जाते ना, काजं-बटणं, कंबर आत घेणं, कधीकधी काम घरी आणते. बबीला तर खोकला सुटेना. मग ह्यांनी फोनवर बघून बघून शिकून घेतलं. फटी बुजवायच्या, आतली कोंदट हवा पंख्यानं बाहेर काढायची. आणि ओल गेली हो! खरंच गेली. खोकला गेला. मी खोटं कशाला बोलू?

काय झालं रविवारी?

झालं काय — काही नाही, सासूबाईंना जरा चक्कर आली. म्हणजे चक्कर — हे आंघोळीला गेले होते, म्हणजे हा गीझर चालू, वर पंखा चालू, आणि सासूबाई इथे स्वयंपाकघरात, ह्या खुर्चीवर, शेंगा सोलत बसलेल्या. मी आत कपडे घड्या करत होते. बोलत होत्या त्या माझ्याशी, नेहमीसारख्या, माझं मीठ कसं जास्त पडतं वगैरे. आणि मग बोलायच्या थांबल्या. मला आधी बरंच वाटलं, काय सांगू तुम्हाला! मग वाटलं, ह्या बाई आणि एवढा वेळ गप्प? येऊन बघते तर डोकं टेबलावर, शेंगा सगळ्या खाली, आणि गाल — दादा, गाल चांगले लालबुंद, लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरीसारखे. मला तेच पटेना. चक्कर आलेलं माणूस पांढरं पडतं ना? मी हाक मारली, हे साबणाच्या अंगानं धावत आले, आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना बाहेर जिन्यावर नेलं, शेजारचे लोक म्हणत होते, मोकळ्या हवेत न्या. आणि तिथे त्यांनी डोळे उघडले. उघडले नि पहिलं वाक्य काय — ‘माझ्या शेंगा कुणी उचलल्या का?’

सगळे हसले. मी नाही हसले.

कारण दादा, मला कधीपासून काहीतरी टोचत होतं. बबी म्हणायची, आई डोकं दुखतं. शाळेत? शाळेत नाही दुखत. घरी आलं की दुखतं. आम्ही म्हणायचो, अभ्यास टाळते लबाड. ह्यांचंही दुखायचं. सासूबाईंना मळमळायचं, तर त्यांनी माझ्या फोडणीवर ढकललं. मी दिवसभर दुकानात, मला काही होत नव्हतं — पण सुट्टीच्या दिवशी माझंही कपाळ ठणकायचं. मग सासूबाईंचं असं झालं, आणि बाहेर नेल्यावर त्या उठल्या, तेव्हा मला हे सगळं एकत्र दिसलं. म्हटलं, माणसांत काही नाहीये. घरातच काहीतरी आहे. दवाखान्यात म्हणाले, अशक्तपणा. आज रक्त तपासायला नेलंय ह्यांनी त्यांना, तेवढ्यात तुम्हाला बोलावलं. ह्यांना माहीत नाही तुम्ही आलात ते.

सोडू नळ? सोडते. पेटला बघा, निळा पेटलाय, चांगला दिसतोय ना? — हे काय करताय? कागदाची सुरळी? विझवून नुसता धूर धरायचा होय, तिथे, गीझरचा धूर वर नेणाऱ्या नळकांड्याच्या खाली? बरं. जातोय की वर, सरळ वर जातोय. मग चांगलंच आहे सगळं! — आता खिडक्या लावायच्या? लावायलाच पाहिजेत का? तुम्ही आहात ना इथे. दार तरी उघडं — तेही नको? लावते. लावते हो. बसली कडी. आणि पंखा. तुम्हीच लावा, मी नाही हात लावणार त्या बटणाला.

दादा.

तो धूर खाली येतोय.

तो आपल्याकडे येतोय, दादा, माझ्या तोंडाशी — बंद करा! नळ बंद करा, पंखा, सगळं बंद करा, खिडकी उघडा — देवा रे. देवा रे. म्हणजे गीझरचं जे काही वर जायला हवं ते हा पंखा उलटं ओढून — घरात हवा यायला जागाच नाही ठेवली आम्ही, म्हणून तो नळकांड्यातून ओढतो. समजलं. एवढं समजतं मला. आणि वास? असल्या विषारी गॅसचा वास का नाही आला कधी? — नसतोच? वास नाही, रंग नाही, नुसती झोप लागते? आणि बबी इथे अभ्यासाला बसते, ह्या टेबलाशी, मी आंघोळीला जाते तेव्हा. मीच बसवते तिला, म्हणते, हलू नकोस इथून, पाढे संपेपर्यंत.

बसते जरा. पाणी? नको, मला काही नको.

ऐका, दादा. एक काम करा माझं. ह्यांना सांगताना सांगा, नळकांडं चोंदलं होतं. पक्ष्यानं घरटं केलं होतं म्हणा, काहीही म्हणा. गीझर खराब, तो बाहेर गॅलरीत हलवायला लागेल, असं सांगा. गॅलरीत हलवला की झालं ना? मग पंखा राहू दे की तिथेच. पंख्याचं नाव काढू नका फक्त. एवढंच. — का म्हणजे? त्यांना वाईट वाटेल म्हणून.

नाही, वाईट वाटेल एवढंच नाही. कसं सांगू? तुम्ही परके, म्हणून सांगता तरी येईल. हे माल वाहतुकीच्या ऑफिसात होते, बिलांच्या टेबलावर. जन्मात कधी स्क्रू पिळला नव्हता. ते ऑफिस बंद पडलं. आधी रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे, काम शोधायला. मग शर्ट गेला, बनियनवर बसायला लागले, त्या खिडकीशी. दाढी सोडली. बबीशी बोलेनात. सासूबाई म्हणायच्या, विश्रांती घेतोय पोरगा. एकदा मी दुकानातून लवकर आले — सुई बोटात शिरली होती, म्हणून सोडलं मला — तर हे घरात नाहीत. गच्चीवर गेले बघायला. टाकीच्या पलीकडे कठड्यावर बसले होते, पाय बाहेर सोडून. मी म्हटलं, काय करताय? म्हणाले, वाऱ्याला आलोय. वाऱ्याला आले असतील. पण चपला काढून ठेवल्या होत्या, दादा. अगदी जोडीनं, नीट, देवळाबाहेर ठेवतात तशा. वाऱ्याला येणारं माणूस चपला काढतं का हो? मी त्यांचा हात धरला नि म्हटलं, घरात भिंतीला फार ओल आलीय, तुम्ही काहीतरी करा, मला एकटीला होत नाही. तेव्हापासून हे सगळं. फटी, पट्ट्या, चिमणी. मीच कामाला लावलं त्यांना. आणि तो पंखा ज्या दिवशी फिरला ना, त्या दिवशी त्यांनी दाढी केली. आता त्यांना मी काय सांगू? तुमच्या पंख्यानं तुमची आई मरत होती? गॅसची भीती वाटते, पण ती खिडकी उघडली की जाते. ही गच्चीची कुठे घेऊन जाऊ?

म्हणून म्हणते, घरट्याचं सांगा. कुणाचं काय बिघडतंय? माणूस मार्गाला लागलाय. लोक विचारतात त्यांना आता, कौतुक करतात. खालच्या मास्तरांनी तर मागे लागून स्वतःकडेही करून घेतलं — रिटायर मास्तर आहेत, ते आणि त्यांच्या बाई, दोघंच. त्यांच्यासाठी ह्यांनी दुसरा पंखा शोधला कुठून तरी, परवाच बसवून दिला, फटीसुद्धा सगळ्या बुजवून —

काय झालं?

असे का बघताय, दादा? हो, गीझर आहे त्यांच्याकडे. असाच. सगळ्या घरांत असेच आहेत, बांधणाऱ्यानेच लावून दिलेत, स्वयंपाकघरातच —

आई गं.

उठा. उठा ना दादा, हत्यारं राहू देत, पिशवी राहू दे! आज मास्तरीणबाई दूध आणायला दिसल्या नाहीत मला. रोज जिन्यात भेटतात, आज नाही भेटल्या, आणि मी इथे बसून घरट्याच्या गोष्टी करतेय. तुम्ही पुढे व्हा, खालचं डावीकडचं दार, हिरवं. बेल वाजवा. वाजवत राहा, मास्तरांना कमी ऐकू येतं. मी इथूनच कठड्यावरून हाका मारते — वाजवली? पुन्हा वाजवा! दारावर थापा मारा, लाथ घाला, मी भरून देईन दार! मास्तर! अहो मास्तर! बाई! उघडा ना कुणीतरी — अजून नाही? फटीला कान लावा. रेडिओ? रेडिओ लागलाय म्हणजे काय, रेडिओ काय माणूस नसतानाही लागतो — बाई! बाईऽऽ!

उघडलं?

कोण आहे? मास्तर? उभे आहेत? — बाई पण? बाई, तुम्ही बऱ्या आहात ना? डोकं दुखतंय, म्हणून दुधाला नाही गेलात. हो. हो, कळलं. बाहेर या आधी. स्वयंपाकाचं राहू द्या, गीझर बंद करा आणि बाहेर या दोघं, इथे जिन्यावर बसा. दादा, त्यांच्या खिडक्या उघडा सगळ्या, त्या पट्ट्या ओढून काढा, फाटल्या तर फाटू देत. रडत नाहीये मी, मास्तर. तुम्ही दिसलात ना, म्हणून.

थांबा — खाली फाटक वाजलं. हेच आले. सासूबाईंचा आवाज येतोय, पायऱ्यांना नावं ठेवताहेत.

दादा, वर या पटकन. ही तुमची पिशवी धरा. नाही, तुम्ही काही सांगू नका. घरट्याचं नको, काहीच नको. मघाशी मी बोलले ते विसरा. मास्तरांचं दार उघडत नव्हतं ना, तेव्हा मनात मी काय काय पाहिलं ते माझं मला माहीत. हे पुन्हा तिसऱ्या कुणाकडे चौकट घेऊन गेले तर? आणि दुसऱ्याकडून कळलं तर ते गच्चीवर एकटेच जातील. माझ्याकडून कळलं तर निदान मी असेन तिथे. हात धरता येईल. गीझर कुठे हलवायचा ते उद्या येऊन त्यांनाच समजवा, त्यांना ऐकायला आवडतं असलं सगळं. पण आज नको.

अहो, आलात? आईंना तिथेच मास्तरांच्या बाईंशेजारी बसवा, घरात नको. हे होय — गीझरवाले दादा. मी बोलावलं. सांगते ना. तुम्ही वर या, माझ्याबरोबर आत चला, आपण दोघंच. नाही, पंखा नका लावू. हात द्या तुमचा.

तुम्ही जा, दादा. चहाबिहा काही नाही आज. दार लोटून जा — नाही. उघडंच राहू दे.