जावईबापूंचं घड्याळ

हॅलो?… हॅलो, धुळं का?… लते! अगं मी अक्का. जळगावहून… रुपचंदशेठच्या पेढीवरून. मोठ्यानं बोल… हो, मिळालं तू पाठवलेलं तुझ्या सुकदेवरावांचं घड्याळ. निंबाभाऊ घड्याळजी शेजारीच बसलेत, झाकण उघडून… सांगते गं, सांगते.

काय सुंदर दिसतं आतून! चाकं सगळी थांबलेली, झरोक्यातलं ऊन पडलंय त्यांच्यावर… मला उगीच वाटतंय, नाना इथंच बाकावर बसलेत, धोतराच्या सोग्यानं काच पुसत… नाही, नाही, भानावर आहे मी.

हो, हो… अगं ऐक ना. खोटं आहे.

वरचं नाव स्विस, आतलं मशीन भलतंच… सोनं कसलं, मुलामा नुसता… लते? रडू नको. तुझा दीर म्हणत होता तेच निघालं, कळतंय मला. नऊ वर्षं तू सासरी ताठ मानेनं सांगितलंस, माझ्या वडलांनी अस्सल दिलं म्हणून… नाही गं! नानांनी नाही फसवलं. नानाच फसले. चाळीसगाव स्टेशनवर त्या सुटाबुटातल्या माणसाकडून घेतलं ना…

काय म्हणालीस?… हो, सुकदेवराव म्हणाले होते खरे, तपासू नका, नुसतं चालू करून आणा. आपणच ऐकलं नाही.

पण पुढचं ऐक. झाकणाच्या आत तारखा कोरल्यात. सुईनं, केसाएवढ्या बारीक. दुरुस्ती केली की घड्याळजी कोरतात तशा… नऊ. अठ्ठेचाळीस ते छप्पन. सगळ्या दिवाळीतल्या!

आठवतं? तुम्ही माहेरी आलात की नाना हात पुढे करायचे, "आना जावईबापू, टेसनवर जाईसन घड्याळ लाई आनस." स्टेशनच्या घड्याळाशी वेळ जुळवून आणतो म्हणून जायचे, आणि दोन-दोन तास गायब. आपण हसायचो… निंबाभाऊंकडे यायचे गं ते! पहिल्याच दिवाळीला निंबाभाऊंनी सांगितलं, नकली आहे. तर म्हणाले, दर वर्षी साफ करून द्या, पण जावयाच्या हातावर ते बंद पडायला नको. आणि कोणाला बोलू नका… गेल्या दिवाळीला नाना नव्हते. म्हणून थांबलं ते.

ऑपरेटर, अजून तीन मिनिटं द्या ना…

लते?… कोण? सुकदेवराव? तिथंच होतात तुम्ही?… काय?… खोटं आहे हे माहीत होतं?… लग्नाच्याच महिन्यात? अहो, मग दर दिवाळीला तुम्हीच म्हणायचात ना, "नाना, पाच मिनिटं मागे पडतंय"… पडत नव्हतं?… मग कशाला…

…नानांना घड्याळ मागायला संकोच वाटू नये म्हणून.

थांबा. नाही, रडत नाही. ऐका, या दिवाळीला तुम्ही दोघं इकडेच या. तुमचं घड्याळ मी नेईन स्टेशनवर… हॅलो?… सुकदेवराव?… हॅलो?… गेली लाईन.

निंबाभाऊ, झाकण लावू नका अजून. आजची तारीख कोरा.