माझ्याच नावाची चिठ्ठी

माझं नाव शारदा, माहेर नायगावच्या खाडीकडचं, मिठागरातलं. बाप मीठ ओढायचा, आई डोक्यावर पाट्या वाहायची, मिठानं टाचा फाटून लाल व्हायच्या तिच्या, आनि आम्ही पोरं चौथीपर्यंत शिकलो का संपलं. पन मला वाचता येतं हां, ते लिहून घ्या, ताई. नाव वाचते, पत्ता वाचते, चिठ्ठी वाचते, सही करते. लग्न होऊन गिरीजला आले. नवरा लोकांच्या वाडीत केळीला पानी लावायचा, गरीब मानूस, त्याला कावीळ झाली, आम्ही झाडपाला देत बसलो आनि पंधरा दिवसांत गेला. मनीषा तेव्हा चार वर्षांची. एकच पोर माझी.

तर शाळेचे हेडसर होते, देवमानूस, खोटं कशाला बोलू. त्यांनी बोलावून घेतलं, म्हनाले, शारदाबाई, शिपायाची जागा रिकामी हाय, येता का. मी काय नको म्हननार? तेव्हापासून मी मावशी. घंटा मावशीनं मारायची, पानी मावशीनं भरायचं, नोटीसवही वर्गावर्गात मावशीनं फिरवायची. आनि सगळ्यात मोठं काम म्हंजे चिठ्ठ्या. पोर शाळेत येत नाय, नापास होतंय, मारामाऱ्या करतंय, का वर्गाच्या बाई पालकाला चिठ्ठी लिहायच्या. ती पोराच्या हातात द्यायची नाय, पोरं तिची होडी करून सोडतात. ती मावशीनं घरी नेऊन आईबापाच्या हातात द्यायची.

काय सांगू तुम्हाला, उन्हातान्हात गिरीज काय, नंदाखाल काय, वाड्यावाड्यांतून फिरले मी. बाई केळीत खुरपत असायची, मी बांधावरूनच सुरू व्हायची, अगं, केळीला खत घालतेस, पोरगी कितवीत हाय ते सांग आधी. बायका मला बघून तोंड लपवायच्या. काही म्हनायच्या, मारा हो तिला, हाडं आमची, कातडं तुमचं. मी म्हनायची, कातडं ठेव तुझ्याकडेच, उद्या शाळेत ये आनि सरांसमोर बस. आनि यायच्या हो. एका दारुड्याची पोरगी होती, आठवीत शाळा सोडून बसलेली. सर, तिच्या वर्गाच्या बाई आनि तिची आई, तिघं बसले, ठरवलं का पोरीनं संध्याकाळी शाळेतच अभ्यास करून घरी जायचं. आज नर्स हाय ती. म्हंजे चिठ्ठीला गुन होता, मी डोळ्यांनी बघितलाय.

मनीषा माझी त्याच शाळेत, पाचवीपासून. तिची चिठ्ठी कधी आली नाय. दरवर्षी पास. मी सगळ्यांना ऐकवायची, माझी पोर बघा, बाप नाय, शिकवनी नाय, तरी पास. आनि आवाज काय गोड तिचा! मी भाकऱ्या थापायची आनि ती चुलीपाशी बसून धडा वाचायची, धडाधडा. एकदा माझं लक्ष गेलं, पुस्तकाचं पान उलटायचं राहिलंय आनि हिचं वाचन पुढे चाललंय. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, किती हुशार, पाठच केलंय सगळं. आता वाटतं, दुसऱ्या कुनाच्या घरी हे दिसलं असतं तर तिथल्या तिथे धरली असती मी.

नववीत कदमबाई आल्या. देशावरच्या, नवघरच्या नव्या बिल्डिंगीत राहायच्या, कोन कुनाची पोर ते त्यांना काय माहीत. चाचनी झाली आनि त्यांनी मला सात चिठ्ठ्या दिल्या, घडी घातलेल्या, वर नाव. मी गावं लावून घेतली, नंदाखालच्या तीन आधी, गिरीजच्या चार मग घरी जाता जाता. नंदाखालला तिघींना सुनावलं. गिरीजला तिघींना सुनावलं. सातवी हातात घेतली आनि वर वाचते तर काय, श्रीमती शारदा. माझंच नाव. तिथेच एका वाडीच्या कुंपनाला टेकून बसले.

आत लिहिलं होतं, मनीषाला वाचता येत नाही. जोडाक्षर आलं की थांबते, आणि फार घाबरून असते. तिला मारू नका. तुम्ही येऊन भेटा, शाळा सुटल्यावर मी रोज तासभर तिच्याजवळ बसेन, घरी तुम्ही बसा, आपण दोघी मिळून बघू.

वाईट काय होतं त्यात? पन माझं तोंड पोळलं. जगाला अक्कल शिकवनारी मी, माझ्या दारात चिठ्ठी? दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी हेडसरांकडे गेले आनि रडले. म्हटलं, सर, चार वर्षं सगळ्यांनी पास केली आनि ही काल आलेली बाई माझ्या पोरीला ढ म्हनते. सर खाली बघत बसले. मग कदमबाईंना बोलावून म्हनाले, मावशींचं मन दुखवू नका, बिनबापाची पोर हाय. बाईंनी नळापाशी मला गाठलं आनि म्हनाल्या, मावशी, मी चुकत असेन तर चांगलंच आहे, तुम्ही तिला नवीन पानावरची एक ओळ वाचायला सांगा फक्त. मी नाय सांगितली. भीती वाटली हो मला. ते खरं निघेल याची भीती.

आनि त्याच दिवशी घरी मनीषानं विचारलं, आई, बाईंनी तुझ्याकडे चिठ्ठी दिली का? बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, का तुझी आई येईल, आपन सगळ्या मिळून करू. पोर वाट बघत होती. मी म्हटलं, कसली चिठ्ठी? तुझी चिठ्ठी येईल का कधी! ती उठून भांडी घासायला बसली. ते मी आजपर्यंत कुनाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतेय.

सगळ्यांना ठाऊक होतं, ताई. पाचवीच्या बाईंना ठाऊक, सातवीच्या सरांना ठाऊक. मावशीची पोर, जाऊ दे वर, मावशी बिचारी एकटी. मायेनंच केलं त्यांनी. पन बोर्डाला काय माहीत मावशी कोन? दहावीला सगळ्या विषयांत नापास झाली. कदमबाई तोवर बदलून गेल्या होत्या. मनीषा घरात बसली, खिडकीसुद्धा उघडायची नाय, आनि सतरा भरायच्या आत मी तिचं नालासोपाऱ्याला लग्न लावून मोकळी झाले. मोकळी कसली.

तिचं पहिलं बाळ तापानं फनफनलं. सरकारी दवाखान्यात केसपेपरवर लिहून दिलं, ताप उतरला नाय तर उद्याच परत आना. तिथल्या बाईनं विचारलं, वाचता येतं ना? ही म्हनाली, हो, दहावीपर्यंत शिकलेय. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. डॉक्टर म्हनाले, आनलं असतं तरी वाचलं असतं असं नाय. पन मनीषा ते मानत नाय. मी पन मानत नाय.

आता दुसरी मुलगी हाय तिला, पहिलीत जाते. मी रिटायर झालेय, रिकामीच असते, म्हटलं, नातीला शाळेत मी सोडत जाईन, तिथली शिपाईन माझ्या ओळखीची निघाली, जरा सांगून ठेवते. मनीषा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हनाली, आई, तू त्या शाळेच्या फाटकात पाय ठेवायचा नाय. तुझी ओळख निघाली तर माझ्या पोरीलाही पास करतील.

पालकसभेला ती स्वतः जाते. शेजारनीनं सांगितलं मला, सगळ्या बायकांसमोर उभी राहिली आनि म्हनाली, बाई, मला वाचता येत नाय, माझ्या पोरीचं काय ते तोंडी सांगा. मी ऐकलं आनि पदर तोंडात घातला. कुठून आली ही हिंमत, माझ्याकडून तर नाय.

मी आपली इथे गिरीजला. सनावाराला ती येते, बोलते, जेवते, जाते. रागावत पन नाय, रागावली असती तर बरं. मी देवाला एवढंच म्हनते, नातीला उदंड आयुष्य दे, आनि ती नापास होत असेल तर होऊ दे, पन कुनीतरी तिच्या आईला खरं सांगू दे.