दादाच्या डोळ्यांचा पट्टा

बसा मंडळी, सावलीला सरकून बसा. मंडप तोकडा पडला, सगळं वैशाखरे गाव आलंय. मला या ओट्यावर बोलायला उभं केलंय. शंकरदादा माझा थोरला भाऊ. मी बाळू, धाकटा. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलतात. मी आज खरं बोलणार आहे.

आमच्या घरात डोळ्यांचा आजार आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाय. नळीतून बघावं तसं. आधी दादाला झाला, मग मला. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला चाचणीसाठी एक यंत्र दिलं. चष्म्यासारखा पट्टा, कमरेला बॅटरीची डबी. रोज अर्धा तास डोळ्यांना बारीक करंट. गुण येईलच असं नाय, हे बाईंनी आधीच सांगितलेलं. मलाही देणार होत्या. मी म्हटलं, "छे! डोळ्याला करंट? नाय बाबा!"

दादा हसला. "मारक्या बैलाला घाबरत नायस नि तारेला घाबरतोस? मला बघ रे, बाजूचं दिसायला लागलंय!"

बाजूचं दिसायला लागलंय. गावभर सांगितलं त्यानं. तुमी पेढे मागितलेत, आठवतंय? मग मीपण पट्टा लावला.

इतकी वर्षं राब भाजताना, भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळताना, आमी त्याला लांब बसवायचो. यंदा हिरवा डहाळा देऊन, आग अडवायला वाऱ्याच्या बाजूला कोणी उभा केला? मी. म्हटलं, दादा, दिसतंय ना आता? "दिसतंय की!" म्हणाला. वारा फिरला. डावीकडचं सुकं गवत पेटलं. आमी बोंबललो, तो समोरच बघत राहिला. लई भाजला. चौथ्या दिवशी दवाखान्यात जीव सोडला.

दहावं झाल्यावर वहिनीनं त्याची वही दिली. बाईंना दाखवायला रोज लिहायची वही. पानोपानी एकच. फरक नाही. फरक नाही. मी वहिनीवर ओरडलो, "मला का नाय सांगितलंत?" ती रडतच म्हणाली, "भावजी, त्यांनी शपथ घातली होती. बाळूला कळलं तर तो पट्टा टाकून देईल, त्याला तरी गुण येऊ दे म्हणाले."

आता राग कोणावर काढू? माझ्यासाठी तो खोटं बोलला, आणि मीच त्याला आगीपुढं उभा केला. जीव कोंडतो हो. कुठंच वाट नाय.

आणि मी काय केलं? तेच. माझी सुमन इथंच बसलीय. तिलाही अलीकडं अंधार पडला की ठेचा लागतात. पट्ट्याला घाबरते. परवा तिनं विचारलं, "बाबा, फरक पडतो का?" मी म्हटलं, पडतो बाय.

नाय पडला, बाय. इतके महिने झाले, काडीचा फरक नाय. तुला लावायचा तर लाव, नको तर नको. पण माझ्या खोट्यावर लावू नको. आणि गावकऱ्यांनो, तुमीपण ऐका. मला बाजूचं दिसत नाय.

उठा मंडळी. दादासाठी दोन मिनिटं गप्प उभे राहू. सुमन, ये गो इकडं. हात धर माझा. पायरी कुठाय, मला दिसत नाय.