मुंढ्यातली चूक

—हां, पण ओरडू नकोस. म्होरक्या झालास तो बाहेर, माझ्या दुकानात तू गिऱ्हाईक. उभा राहा आरशासमोर. खांदा बरोबर, छाती — ती तर भाषणासाठी जरा जास्तच धरलीय मी. मग अडलं कुठं? हात वर कर. अजून. बस, एवढाच? अगंबाई! मुंढा चुकला म्हणायचा — अरे, बाही खांद्याला जोडतात ना, तो मुंढा. खोल गेला, आणि बाही अरुंद. सगळ्याच पोरांचे शर्ट असे? ऐकलं बाबा. खालच्या गल्लीसमोर तू म्हणालास 'फेका', सगळ्यांनी दगड उचलले — आणि हात राहिले खांद्याशी, शर्ट गेले वर, नुसती पोटंच पोटं! तिथल्या बायका खिडक्यांतून हसल्या म्हणे. हसतील नाही तर काय करतील?

मुद्दाम कोण करतंय? चुकतो एखादा मुंढा. सगळे? चुकतात कधीकधी सगळे — असा बघू नकोस. मागच्या वेळी माझा पोरगाही होता तुमच्यात. ऐसपैस शर्ट, मीच शिवलेला, हात मोकळा राहावा म्हणून. त्याच्या दगडानं तिकडच्या एका पोराचा डोळा गेला. आणि हा घरी येऊन जेवला. भाजी दोनदा मागून घेतली. मी वाढली, रे! अजून किळस येते मला माझ्या हाताची — जाऊ दे, शिंपिणीनं कापडाचं बोलावं.

नवे शिवू? शिवते की. पण मापं द्यायला परत तुमच्या आयाच येणार ना, तुम्हाला कुठली सवड? आणि त्या परत तेच सांगणार, मुंढा असा उतरव की हात—

घ्या. बोलून बसले. हो, सगळ्या. तुझीही. सगळ्यांत आधी तीच आली, या स्टुलावर बसून रडली, मग माझ्या हातातला खडू घेऊन तिनं स्वतः खूण केली. आता काय, तिच्या दारावर दगड मारणार?

काढ तो शर्ट, उसवते. निघत नाही? पुढं बटणं नकोत, डोक्यातून घालायचा, रुबाब दिसतो — कोण म्हणालं होतं? मग घातलास कसा? आईनं ओढून घातला? मग जा घरी, तिलाच सांग काढायला. मला कामं आहेत. आणि जाताना दार लाव. कडी खालीच आहे, पोचेल हात.