श्वास चोरणारी मुलगी

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या आमच्या गाण्याच्या बाई, आणि समोर बसलेल्या समस्त मंडळींनो, नमस्कार. मी या वर्गाची झाडलोट करते, सव्वीस वर्षं झाली. शिक्षण चौथी. कागद नातीनं तपासलाय, तरी अडखळले तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं काही नाही.

अध्यक्षसाहेब म्हणाले, सूर-तालापलीकडे गाण्यात आणखी काहीतरी असतं. खरंय. सूर-ताल तर डोक्यावरच्या या पंख्यालाही आहे. पण ते आणखी काहीतरी ओळखायचं कुणी?

माझी धाकटी लेक याच वर्गात शिकली. गळा चांगला, पण ओळ पुरी व्हायच्या आत दम संपायचा. बाईंची पद्धत अशी, की वहीत श्वासाच्या जागी निळी खूण. भलतीकडे घेतला की लाल पेन्सिल. लेकीची वही लालेलाल. बाई म्हणायच्या, "श्वास चोरतेस. रियाज वाढव." घरी मी त्यांचीच री ओढायची. ती म्हणाली, "आई, जिना चढले की बोलायलासुद्धा होत नाही गं." मी म्हटलं, "नाटकं पुरे. मी या वयात चार मजले पुसते."

वार्षिक कार्यक्रमात, याच मंचावर, तिनं एक ओळ तीन ठिकाणी तोडली, शब्दाच्या मधोमध. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबेनात. बाई आत येऊन म्हणाल्या, "मावशी, आज पहिल्यांदा पोरगी जीव ओतून गायली." मलाही वाटलं, चला, चीज झालं.

पंधरा दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप वर्षभर तरी गळत असणार. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

आपण भाव म्हणून टाळ्या दिल्या, मंडळी, तो तिचा दम तुटत होता. सूर-तालापलीकडे गाण्यात गाणारं माणूस असतं, एवढंच. त्याच्या सगळ्यात जवळ आम्ही दोघी होतो, आणि दोघींनी नुसतं गाणं ऐकलं.

त्यानंतर बाईंनी लाल पेन्सिल टाकली. मूल जिना चढून आलं की आधी समोर बसवायचं, दोन गोष्टी बोलायला लावायचं, ते ऐकायचं, मग गाणं. दोन पोरांना त्यांनी वर्गातून थेट दवाखान्यात नेलंय. दोघंही आज इथं बसलीत, धडधाकट. उद्यापासून येणाऱ्या नव्या बाईंनी एवढी रीत मोडू नये.

काल वर्ग आवरताना बाईंनी विचारलं, "मावशी, चालले मी. माझ्याबद्दल मनात काही ठेवलंय का?" मी केर भरत राहिले. आज सांगते. ठेवलंय, बाई. स्वतःबद्दल ठेवलंय तेवढंच, कणभर जास्त नाही. तुम्ही गेलात की तिच्याबद्दल बोलायला मला कुणी उरत नाही, त्याचं जड जातंय.

आयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. माफी मागतेय ती तेवढ्याचीच.