परातीवरचं फडकं

—चालू राहू दे ते रेकॉर्डर, मला काय त्याचं? आणि ते खा बघ आधी, गार होतंय. खिम्याचं आहे, आत्ताच भट्टीतनं काढलंय. पोट भरलंय? बरं. तर मी काय सांगत होतो — मुळं. युद्धाची मुळं. तुझ्या आधी विद्यापीठातनं दोघं येऊन गेले, त्यांनाही मुळंच हवी होती. कुणीतरी सांगितलेलं त्यांना, अबू मुनीरकडे जा, भट्टीवाला आहे पण प्राध्यापकासारखा बोलतो. बोलतोच मी! बत्तीस सालची शिरगणती घे — त्यानंतर या देशात माणसं म्हणून मोजली नाहीत, का? तर आकडे फिरले की खुर्च्या फिरतील. अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया — फ्रेंच गेले, पण हे वाटप काही गेलं नाही — आणि प्रत्येकाच्या खिशातल्या ओळखपत्रावर नावाच्या जोडीला पंथ छापलेला. हे सगळं मला पाठ आहे, तीस वर्षं म्हणतोय. खोटं नाहीये त्यातलं काही, खुशाल लिहून घे.

पण तू काय विचारलंस मघाशी — या गल्लीत कसं सुरू झालं? ते नव्हतं विचारलं त्या दोघांनी. गल्लीत काय... आपण कोण, तुम्ही कोण, असं गल्लीत कुणी विचारायचं नाही. वाईट दिसायचं. नावावरनं कळलं तर कळलं, नाही तर नाही. मला मात्र कळायचं, हां. कसं? अगं, घरोघरी भट्टी कुठे होती तेव्हा? बायका घरनं परात भरून पाठवायच्या, वर फडकं झाकलेलं, मी भाजून द्यायचो. फडकं उचललं की अख्खं घर समोर! कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचा नवरा रुसलाय, कुणाच्या घरात मटण परवडेनासं झालंय — सगळं. आणि इस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपासात ज्या परातीत ना मटण, ना लोणी, ना चीज — नुसती तेलातली पालेभाजी भरलेले त्रिकोण — ती परात कुणाची, हे काय सांगायला लागतं? मी कधी चकार शब्द काढला नव्हता. धंद्याचा धर्म होता तो. होता म्हणतोय मी.

कोपऱ्यावर नदीम शाहीन राहायचा. चष्म्याच्या काचा घासून द्यायचा, स्वतःचा चष्मा मात्र दोऱ्यानं बांधलेला. त्याची बायको सौसन. आता नदीम, सौसन, शाहीन — यात काय कळतं? ख्रिस्ती-मुसलमान दोघांकडेही असतात ही नावं. मूल नव्हतं, नाहीतर अमक्याची आई म्हणून हाक मारताना तरी कळलं असतं. तो चर्चच्या वाटेला जायचा नाही, ती गेलीच तर माहेरकडच्या लांबच्या चर्चमध्ये. आणि रमजानात सौसन काय करायची माहितीये? तिला रोजा नाही काही नाही, पण दुपारी परात पाठवायची नाही. रोजा धरलेल्या माणसांच्या नाकाखालनं वास कसा न्यायचा, म्हणून संध्याकाळी आमच्या बायकांच्या रांगेत उभी राहायची. मला म्हणायची, "अबू मुनीर, माझी घाई नाही हो, आधी यांचं काढा, यांचा रोजा सुटायचाय." एवढ्या समजूतदार बाईला कोण परकं म्हणणार? कुणी म्हणालंच नाही. सगळ्यांना वाटायचं, आपलीच आहे.

पंचाहत्तरचा रमजान सप्टेंबरात होता. गोळीबार सुरू होऊन पाच महिने झालेले, पण आमच्या गल्लीत अजून काही नव्हतं. हैसम आला — नळ दुरुस्त करायचा पूर्वी, आता खांद्यावर बंदूक, मागे दोन दोस्त. रोजा सुटल्यावर इथेच बसले, तू बसलीयेस तिथे. चहा, थट्टामस्करी. हैसम म्हणाला, "चाचा, या गल्लीची काळजी नाही, इथे सगळे आपलेच." आणि मी हसलो. मोठ्यानं हसलो. म्हटलं, "तुला काय डोंबल कळतंय! नळ वळवता येतो म्हणून माणसं कळतात होय रे?" दोस्त खिदळले त्याच्यावर. मला चेव आला. म्हटलं, "वर्षभर मी फडकी उचलतो. कोपऱ्यावरच्या सौसनबाईंची परात इस्टरच्या आधी बघ, म्हणजे कळेल आपले कोण ते." बास. एवढंच. कुणी मारलं नाही मला, धमकावलं नाही, पैसे दिले नाहीत. शहाणपणा मिरवायचा होता, दुसरं काही नाही. हैसम हसला नाही. त्यानं कोपऱ्याकडे बघितलं आणि चहा संपवला. आणि मी — मला तेव्हाच कळलं, पोरी. जाऊन सांगायचं ना त्यांना, निघा म्हणून? वीस पावलं होती. गेलो नाही. म्हटलं, हैसम घरचा पोरगा, तो काय करतोय. दुसऱ्या दिवशी सौसन रांगेत आली, म्हणाली "आधी यांचं काढा", आणि मी काढलं.

डिसेंबरात दुपारी नदीमला उचलून नेलं, दुकानातनं. काच घासायचं चाक तसंच फिरत होतं. अजून आलेला नाही तो. जिवंत नाही, मेलेलाही नाही, कागदावर नुसता हरवलाय. संध्याकाळी सौसन आली — परात घेऊन! खिमा सकाळीच भरून ठेवलेला, टाकून कसा द्यायचा. मी ती भाजली, कडासुद्धा करपू दिल्या नाहीत. आणि ती तेवढ्यातच, या इथे उभी राहून विचारते, "अबू मुनीर, तुम्हाला गल्लीतलं सगळं कळतं. आम्ही कोण ते कुणी सांगितलं असेल हो?" मी काय म्हणालो असेन? सरकारी दफ्तर म्हणालो. शिरगणती म्हणालो. ओळखपत्रं, फ्रेंच, सगळं म्हणालो — पहिल्यांदा तिच्यापुढेच म्हणालो मी हे भाषण. आणि तिला पटलं. "खरंय," म्हणाली, परात डोक्यावर घेतली आणि गेली. पलीकडच्या वस्तीतही असाच कुणी भट्टीवाला असेल, त्यानं आमच्यातल्या कुणाचं फडकं उचललं असेल. असेल ना? त्यानं माझं काही हलकं होत नाही.

आता बंद कर ते. नाही, बंद कर. तू आलीस तेव्हा नुसतं रीमा म्हणालीस, मी आडनाव विचारलं नाही. पण आज शुक्रवार, इस्टरला दोन आठवडे, आणि खिम्याचं पुढे केलं तर तुझं पोट भरलेलं — झातरचं, नुसत्या ओव्यासारख्या पाल्याचं नि तिळाचं, ते मात्र अर्धं खाल्लंस मघाशी. बघितलं मी. नको असताना बघितलं. हा डोळा मेला झोपतच नाही. घाबरू नकोस गं, बस. घाबरलीस ना? हे बघ, दोन्ही ठेवतो इथे, खिम्याचं आणि झातरचं, वर कागद, आणि मी भट्टीकडे तोंड करतो. तुला हवं ते उचल आणि जा. दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी वळत नाही. जा.