पाटावरचा लॅपटॉप

जबाब देणार : श्रीमती नलिनी अनंत घाडी, वय ६४ वर्षे, व्यवसाय : घरकाम, राहणार : सातेरी कृपा सोसायटी, दुसरा मजला, मरोळ, अंधेरी (पूर्व), मुंबई.

मी कोणी न बोलावता स्वतः पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा यज्ञेश आणि सून अबोली यांच्यासोबत राहते. माझे यजमान अण्णा गिरणीत फिटर होते, ते आता हयात नाहीत. अबोली गोरेगावच्या एका स्टुडिओत कार्टूनची चित्रं हलती करायचं काम करते. त्याशिवाय गेली दोन वर्षं ती घरी स्वतःचा एक छोटा सिनेमा करत होती. कासवाची पिल्लं अंड्यातून निघून समुद्राकडे जातात, एवढीच त्याची गोष्ट आहे. तो येत्या सोमवारी मुलांच्या महोत्सवाला पाठवायचा आहे. सिनेमा तिच्या लॅपटॉपमध्ये आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

दुसरीकडे का नाही, असं साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, प्रत ठेवायला अबोलीने पितृपक्षात नवीन डिस्क आणली होती. नवीन वस्तू दसऱ्याच्या मुहूर्तावरच वापरायला काढायची, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, "आई, चोर काय मुहूर्त बघून येतो का?" मी ऐकलं नाही. डिस्क खोक्यासकट देवघरात राहिली.

आमच्यात ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार दसऱ्याला पाटावर मांडून पुजतात आणि उत्तरपूजेपर्यंत हलवत नाहीत. काल रात्री अबोलीने लॅपटॉप पाटावर मांडला. आज पहाटे मी दिवा लावायला गेले, तर त्याच्या कोपऱ्याला चिकटपट्टी दिसली. तो तिचा जुना, बंद पडलेला लॅपटॉप होता. गेल्या वर्षी माझं कुंकू बटणांत गेलं होतं, म्हणून पोरीने ही शक्कल लढवली हे माझ्या लगेच लक्षात आलं. राग आला नाही असं नाही. पण अण्णा नेहमी सांगायचे, गिरणीत बंद मागाला कधी हार घालत नसत; आधी चालू कर, मग पूज. सणाच्या दिवशी तोंडाला तोंड नको म्हणून मी गुपचूप बॅगेतला चालू लॅपटॉप काढून पाटावर ठेवला, जुना बॅगेत भरला आणि चेन लावली. कुंकू झाकणावर टिकलीएवढंच लावलं. याबद्दल मी कोणालाही काही बोलले नाही.

सकाळी मी झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेले. फोन घरीच चार्जिंगला होता. यज्ञेश दाराला तोरण बांधत होता. दोरा संपला म्हणून तो खाली गेला आणि तिथे स्कूटर धूत बसला. एक काम अर्धं टाकून दुसरं धरायची त्याची लहानपणापासूनची सवय आहे. अबोली आवारात रांगोळी काढत होती. दार उघडं होतं. फुलांची पिशवी घेतलेला एक इसम जिना चढताना आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी पाहिला. झेंडूवाला समजून त्यांनी त्याला, "तिसऱ्या मजल्यावर पण विचार रे," असं सांगितलं. तो दुसऱ्याच मजल्यावरून परतला आणि सोफ्यावरची लॅपटॉपची बॅग त्याच्याबरोबर गेली.

जिन्यात कॅमेरा आहे. परंतु कॅमेरा हे सोसायटीचं हत्यार आहे, असं म्हणून सेक्रेटरींनी सकाळी त्याचीही पूजा केली होती आणि हार घातला होता. चित्रणात फक्त झेंडू दिसतो. साहेबांनी ते चित्रण पाहिलं आहे.

मी परतले तेव्हा सेक्रेटरी गेटपाशी उभे होते. ते म्हणाले, "वाट लागली काकू. अबोलीचा लॅपटॉप गेला. दोघं पोलीस स्टेशनला गेलेत, पोरगी नुसती रडतेय."

मी विचारलं, "गेला कुठून?"

"सोफ्यावरून. बॅगेसकट."

मला हसू आलं. मला धक्का बसला असं समजून सेक्रेटरींनी मला वॉचमनच्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. मी पाणी प्यायले, वर गेले, माझ्या चावीने दार उघडलं. लॅपटॉप पाटावर जागच्या जागी होता. उत्तरपूजा झाली नव्हती. म्हणून अक्षता टाकून सरस्वतीची माफी मागितली आणि लॅपटॉप पाटावरून न काढता पाटासकट रिक्षाने इथे आणला. रिक्षावाला सगळे खड्डे चुकवत आला.

अबोली बाकावर बसली होती. डोळे सुजले होते. दोन वर्षं रात्री जागून केलेलं काम गेलं, एवढंच ती हवालदार चेतना यांना पुन्हा पुन्हा सांगत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाटाकडे. म्हणाली, "आई, हा तर जुना ना?"

मी म्हटलं, "जुना चोराकडे आहे."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. पाट चेतना यांनी वेळेत धरला. मला फार बरं वाटलं.

लॅपटॉप तुमचाच कशावरून, असं उपनिरीक्षक देवदत्त साहेबांनी विचारलं. पावती जवळ नव्हती. अबोलीने आडोसा करून पासवर्ड टाकला (तो मलाही माहीत नाही) आणि सिनेमा लावला. ठाण्यातली चार माणसं टेबलाभोवती आली. पिल्लं वाळूत धडपडत होती आणि त्यांची आजी, म्हातारं कासव, आमच्या मालवणीत सांगत होतं, "हळू चला रे पोरांनू, दर्यो खंय पळान जाणा नाय."

चेतना म्हणाल्या, "आजी, हा आवाज तर तुमचा."

आवाज माझाच आहे. अबोलीने स्वयंपाकघरात मिक्सर बंद ठेवायला लावून तो भरून घेतला होता. ओळख पटली, असं साहेबांनी नोंदवलं आहे.

जुन्या लॅपटॉपमधली डिस्क अबोलीने तो बंद पडला तेव्हाच काढून घेतली होती, त्यामुळे चोराच्या हाती रिकामं खोकं गेलं आहे. बॅग मात्र चांगली होती, सबब तक्रार मागे घेत नाही.

ठाण्यातही आज शस्त्रपूजन आहे. रायफलींना हार घातले आहेत. साहेबांच्या परवानगीने पाट त्यांच्या शेजारी ठेवला. यज्ञेशने घरून नवीन डिस्क आणली, या वेळी वाटेत कुठे न थांबता, आणि सिनेमाची प्रत माझ्या डोळ्यांसमोर झाली. मुहूर्ताच्या बाबतीत माझी चूक झाली, हे मी अबोलीला सांगितलं आहे. ती म्हणाली, "आणि पूजेच्या बाबतीत माझी." आम्ही एकमेकींना आपट्याची पानं दिली, ठाण्यातल्या सर्वांनाही दिली.

हा मजकूर हवालदार चेतना यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच लिहिला आहे. मात्र पहिल्या ओळीत व्यवसाय घरकाम लिहिला आहे, त्याला सून अबोली हिने हरकत घेतली. तिच्या म्हणण्यावरून आणि माझ्या संमतीने तिथे 'घरकाम व सिनेमात कासवाच्या आजीचा आवाज' अशी दुरुस्ती करावी. तेवढ्या दुरुस्तीसह जबाब खरा व बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

नलिनी अनंत घाडी